शिक्षकांच्या आवाजाची निगा

शिक्षकांच्या आवाजाची निगा म्हणजे अध्यापनासाठी दररोज दीर्घकाळ बोलावे लागणाऱ्या व्यक्तींनी आपला आवाज निरोगी, स्पष्ट व टिकाऊ राहावा म्हणून अंगी बाणवलेल्या सवयी आणि त्या सवयींना पूरक अशी शाळेतील व्यवस्था होय. ज्यांचा व्यवसाय प्रामुख्याने आवाजावर अवलंबून असतो अशा लोकांत गायक, नट, कीर्तनकार, वकील, निवेदक, विक्रेते इत्यादींचा समावेश होतो. संख्येच्या दृष्टीने पाहता शिक्षक हा त्यांतील एक मोठा वर्ग आहे. गायकाला किंवा नटाला आवाज कमावण्याचे शिक्षण मिळते. शिक्षकाला मात्र बहुधा असे शिक्षण मिळत नाही आणि आवाज बसला तरी तास घ्यावाच लागतो. त्यामुळे या व्यवसायात आवाजाचे विकार इतरांच्या तुलनेत अधिक आढळतात. आवाजाची निगा हा शिक्षकाच्या वैयक्तिक आरोग्याचा विषय आहे, तसाच तो अध्यापनाच्या परिणामकारकतेचाही आहे. वर्गातील गोंगाट, पटसंख्या, पाण्याची व स्वच्छतागृहाची सोय या गोष्टींवरही तो अवलंबून असल्याने केवळ वैयक्तिक सवयींनी तो पूर्णपणे सुटत नाही.

आवाजाची निर्मिती

फुप्फुसांतून बाहेर पडणारी हवा गळ्यातील स्वरयंत्रातून जाते. स्वरयंत्रात दोन स्वरतंतू असतात. श्वास घेताना ते एकमेकांपासून दूर होतात. बोलताना ते जवळ येतात आणि हवेच्या दाबाने कंप पावू लागतात. या कंपनातून निर्माण झालेल्या ध्वनीला घसा, तोंड व नाक यांतील पोकळ्या घुमारा देतात, तर जीभ, ओठ, दात व टाळू त्याला वर्णांचे रूप देतात. ध्वनीचा उगम स्वरतंतूंत असला तरी तो भरदार व दूरवर पोहोचणारा होण्यात श्वासाचा आणि या पोकळ्यांचा वाटा मोठा असतो.

प्रौढ पुरुषाच्या बोलण्यात स्वरतंतू दर सेकंदास साधारणपणे १०० ते १२५ वेळा, तर स्त्रीच्या बोलण्यात सुमारे २०० वेळा कंप पावतात. प्रत्येक कंपनात दोन्ही तंतू एकमेकांवर आपटतात. दर सेकंदास २०० या हिशेबाने एक तास आवाज सुरू राहिला, तर ही संख्या ७,२०,००० होते. स्त्रियांचे स्वरतंतू आखूड असतात आणि त्यांची कंपने अधिक असतात. शिक्षिकांमध्ये आवाजाच्या तक्रारी शिक्षकांपेक्षा अधिक आढळण्यामागे हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

स्वरतंतूंवर पातळ, ओलसर आवरण असते. ते ओलसर राहिले तर कंपन सहज होते. ते कोरडे पडले किंवा सुजले, तर तेवढाच आवाज काढण्यासाठी हवेचा अधिक दाब लागतो आणि घर्षण वाढते.

अभ्यासाचा इतिहास

व्यवसायजन्य रोगांच्या अभ्यासाचे जनक मानले जाणारे इटालियन वैद्य बेर्नार्दिनो रामाझ्झिनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामगारांच्या रोगांविषयीच्या ग्रंथात आवाजावर उपजीविका करणाऱ्यांच्या व्याधींचाही विचार केला होता. जिवंत माणसाचे स्वरतंतू प्रत्यक्ष काम करताना पाहण्याची सोपी पद्धत मात्र एका शिक्षकामुळे उपलब्ध झाली. गायनशिक्षक मानुएल गार्सिया यांनी १८५४ मध्ये छोटा आरसा घशात धरून आणि त्यावर सूर्यप्रकाश परावर्तित करून स्वतःच्या स्वरतंतूंची हालचाल पाहिली. पुढील वर्षी त्यांनी आपली निरीक्षणे लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली.

गोंगाट वाढला की माणूस नकळत आवाज चढवतो, हे फ्रेंच वैद्य एत्येन लोंबार्ड यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले. या प्रतिक्रियेस लोंबार्ड परिणाम असे म्हणतात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात व त्यानंतर शिक्षकांच्या आवाजाचा स्वतंत्र अभ्यास होऊ लागला. अमेरिकेतील आयोवा व यूटा या राज्यांतील १,२४३ शिक्षक आणि १,२८८ इतर व्यक्ती यांच्या २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत आयुष्यात केव्हातरी आवाजाचा विकार झाल्याचे प्रमाण शिक्षकांमध्ये ५७.७ टक्के, तर इतरांमध्ये २८.८ टक्के आढळले. ब्राझीलमध्ये सुरू झालेला १६ एप्रिल हा आवाज दिन पुढे जागतिक आवाज दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

भारतात या विषयातील शिक्षण, संशोधन व उपचार यांचे कार्य म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक्-श्रवण संस्था (स्थापना १९६५) व मुंबईतील वांद्रे येथील अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था (स्थापना १९८३) यांसारख्या संस्था करतात.

अध्यापनात आवाजावर पडणारा ताण

शिक्षकाचा आवाज पुढील कारणांनी थकतो.

सलग बोलणे. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ नुसार पहिली ते पाचवीसाठी वर्षाला ८००, तर सहावी ते आठवीसाठी १,००० अध्यापन-तास अपेक्षित आहेत. परिपाठ, कवायत, स्नेहसंमेलनाची तयारी, पालकसभा आणि रजेवरील सहकाऱ्याचे बदली तास यांत होणारे बोलणे यात आणखी भर घालते.

गोंगाट. मुलांना बोलणे नीट कळण्यासाठी शिक्षकाचा आवाज भोवतालच्या आवाजापेक्षा सुमारे १५ डेसिबलने वरचढ असावा, असे मानले जाते. वर्गात ५० डेसिबल गोंगाट असेल, तर शिक्षकाचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत ६५ डेसिबलने पोहोचायला हवा. नेहमीचे संभाषण एक मीटर अंतरावर सुमारे ६० डेसिबलचे असते. त्यामुळे अशा वर्गात साध्या बोलण्याने भागत नाही. जुन्या पंख्यांची घरघर, रस्त्यावरचे भोंगे, शेजारच्या वर्गातील पाढे आणि मध्ये भिंतीऐवजी केवळ फळी असणे यांनी हा गोंगाट वाढतो. पत्र्याचे छप्पर असलेल्या शाळेत पावसाची मोठी सर आली की शिकवणे जवळजवळ अशक्य होते.

अंतर. मोकळ्या जागेत बोलणाऱ्यापासूनचे अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी सुमारे ६ डेसिबलने घटते. बंद वर्गात भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनामुळे घट कमी असते, तरी मागील बाकांवर आवाज क्षीणच पोहोचतो. मैदानावर शिकवणाऱ्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकांना याचा विशेष त्रास होतो.

बहुवर्ग अध्यापन. वरील अधिनियमानुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० पर्यंत पट असल्यास दोन शिक्षक असतात. त्यामुळे लहान गावांतील द्विशिक्षकी शाळांत एकाच शिक्षकाला दोन किंवा अधिक इयत्ता एका वेळी सांभाळाव्या लागतात. एका गटाला शिकवताना दुसऱ्या गटाच्या गलक्यावरून आवाज काढावा लागतो.

हवा व धूळ. खडूची धूळ, मैदानातील माती आणि उन्हाळ्यातील कोरडी हवा यांनी घसा कोरडा पडतो व खोकल्याची उबळ येते.

ऋतू व शालेय वर्ष. महाराष्ट्रातील बहुतेक भागांत उन्हाळी सुट्टीनंतर जूनच्या मध्यास शाळा सुरू होतात. सुट्टीत विसावलेल्या आवाजावर अचानक पूर्ण दिवसाचा भार पडतो. त्याच सुमारास पावसाळी सर्दी-खोकल्याची साथही असते. शाळा सुरू झाल्यावरचे पहिले काही आठवडे म्हणूनच विशेष जपण्याचे ठरतात.

लक्षणे व विकार

दिवसअखेर आवाज घोगरा होणे, वरच्या पट्टीत न लागणे, बोलताना मध्येच तुटणे, घशात काही अडकल्यासारखे वाटून वारंवार खाकरावेसे वाटणे, मानेचे स्नायू आखडणे आणि बोलण्याचा शीण येणे ही आवाजाच्या थकव्याची लक्षणे होत. आरंभी रात्रीच्या विश्रांतीने आवाज पूर्ववत होतो. पुढे शनिवार-रविवारची सुट्टी लागते. त्यानेही फरक पडेनासा झाला की विकार जडल्याचे समजावे.

सततच्या आघाताने स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंनी समोरासमोर लहान गाठी येऊ शकतात. हातावर जसे घट्टे पडतात, तसाच काहीसा हा प्रकार असतो. या गाठी कर्करोगाच्या नसतात. आवाजाची विश्रांती व वाचोपचार यांनी पुष्कळ वेळा त्या कमी होतात. याशिवाय पॉलिप, स्वरयंत्राचा दाह आणि जठरातील आम्ल वर येऊन होणारा त्रास हेही विकार आढळतात. काही वेळा स्वरतंतूंवर काहीच दिसत नाही. गळ्याचे स्नायू चुकीच्या पद्धतीने आवळून बोलण्याची सवय हेच अशा वेळी त्रासाचे मूळ असते.

अध्यापनाच्या परिणामकारकतेशी संबंध

घोगऱ्या आवाजाचा तोटा केवळ शिक्षकाला होत नाही. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात शंभराहून अधिक मुलांना निरोगी, किंचित बिघडलेल्या व अतिशय बिघडलेल्या अशा तीन प्रकारच्या आवाजांतील उतारे ऐकवून त्यांवर प्रश्न विचारण्यात आले. बिघडलेल्या आवाजातील उतारे मुलांना कमी समजले आणि बिघाड किंचित असला तरी हा परिणाम दिसून आला. ऐकलेले शब्द ओळखण्यातच मुलाचे लक्ष खर्ची पडले की अर्थाकडे देण्यास ते कमी उरते, असे याचे स्पष्टीकरण दिले जाते. ज्या मुलांची घरची भाषा शाळेच्या भाषेहून वेगळी आहे, ज्यांना कमी ऐकू येते किंवा जी मागच्या बाकांवर बसतात, त्यांना ही अडचण अधिक जाणवते.

भाषेच्या अध्यापनात तर आवाज हेच साधन असते. कवितेची लय, संवादातील चढउतार, ऱ्हस्व-दीर्घांचा उच्चार, श-ष-स किंवा न-ण यांतील भेद हे शिक्षकाच्या आदर्श वाचनातूनच विद्यार्थ्यापर्यंत पोहोचतात. थकलेला शिक्षक एकाच सुरात वाचतो आणि पाठातील हा भाग नकळत गळून पडतो.

प्रमुख सवयी

पाणी पिणे. दिवसभरात थोडे थोडे पाणी पिणे ही सर्वांत सोपी सवय होय. प्यालेले पाणी स्वरतंतूंना थेट स्पर्श करीत नाही, कारण ते अन्ननलिकेत जाते आणि स्वरतंतू श्वासमार्गात असतात. शरीरातील पाण्याचे प्रमाण योग्य राहिल्याने हळूहळू स्वरतंतूंवरील आवरण ओलसर राहते. म्हणूनच घसा कोरडा पडल्यावर एकदम पाणी पिण्यापेक्षा प्रत्येक तासानंतर काही घोट घेणे अधिक उपयोगी ठरते.

आवाज तापवणे. व्यायामापूर्वी शरीर तापवावे, तसा पहिल्या तासापूर्वी तीन ते पाच मिनिटे आवाज तयार करावा. ओठ मिटून हलका हुंकार काढणे, ओठांची फडफड करीत खालच्या स्वरापासून वरच्या स्वरापर्यंत जाणे, किंवा अरुंद नळीतून फुंकत हुंकार काढणे हे त्याचे प्रकार होत. तोंडाचा मार्ग अंशतः बंद असल्याने हवेचा थोडा दाब मागे राहतो आणि स्वरतंतू कमी जोराने आपटतात. अमेरिकन शास्त्रज्ञ इंगो टिट्झ यांनी नळीच्या व्यायामाचा विशेष प्रसार केला. ओंकारातील दीर्घ मकार हाही ओठ मिटून काढलेला स्वनच आहे. त्यामुळे ज्यांना ओंकाराचा सराव आहे, त्यांना हा व्यायाम नवा वाटत नाही.

श्वास व पट्टी. वाक्याच्या शेवटापर्यंत श्वास पुरत नसेल, तर अखेरचे शब्द गळा आवळून काढले जातात. लहान वाक्ये बोलणे, विरामचिन्हांपाशी थांबणे आणि पोटाच्या हालचालीने श्वास घेणे यांनी हा ताण टळतो. दरडावताना आवाज चढवण्याबरोबर पट्टीही चढते. स्वतःच्या नैसर्गिक पट्टीत शब्द सावकाश व स्पष्ट उच्चारले, तर तेवढ्याच जोरात ते अधिक दूर कळतात.

अंतर कमी करणे. टेबलाजवळून मागच्या बाकाला हाक मारण्याऐवजी त्या बाकापर्यंत चालत जावे. फळ्याकडे तोंड करून बोलू नये. आधी लिहावे, मग वळून बोलावे. फळ्याकडे बोललेले शब्द मुलांपर्यंत क्षीण पोहोचतात, ते पुन्हा बोलावे लागतात आणि खडूची धूळही श्वासात जाते. फळा पुसण्यासाठी ओले फडके वापरल्यास धूळ कमी उडते.

आवाजाविना वर्ग शांत करणे. गोंगाटावर आवाज चढवला की मुलेही आवाज चढवतात आणि लोंबार्ड परिणामाचे हे चक्र चालू राहते. हात वर करणे, ठरलेल्या लयीत टाळी वाजवणे, लहान घंटा, फळ्यावर एखादी खूण करणे किंवा केवळ शांत उभे राहणे असे संकेत वर्षाच्या आरंभी मुलांशी ठरवून घेतले, तर ओरडण्याचे प्रसंग बरेच कमी होतात. हे संकेत मुलांच्या अंगवळणी पडेपर्यंत रोज तसेच वापरावे लागतात.

पाठाच्या आखणीत विश्रांती. अध्यापनपद्धतीत आवाजाच्या विश्रांतीला मुळातच जागा आहे. आदर्श वाचनानंतर विद्यार्थ्यांचे प्रकट वाचन, त्यानंतर मूकवाचन, मग गटचर्चा व लेखन अशी रचना केल्यास ३५ मिनिटांच्या तासात शिक्षकाला दोन-तीनदा विसावा मिळतो आणि विद्यार्थ्यांचा सहभागही वाढतो. सलग तासांपैकी एक लेखनप्रधान ठेवणे, सूचना फळ्यावर आधीच लिहून ठेवणे व नेहमीच्या सूचना वर्गप्रमुखाकडे सोपवणे हेही याच प्रकारचे उपाय होत.

शाळेबाहेरची विश्रांती. सुमारे दोन तास मोठ्याने वाचल्यानंतर आवाज पूर्ववत होण्यास किती वेळ लागतो, याच्या २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बहुतांश थकवा चार ते सहा तासांत जातो, परंतु पूर्ण भरपाईस १२ ते १८ तास लागतात, असे आढळले. शाळा सुटल्यावर लगेच शिकवणी घेणाऱ्या, मिरवणुकीत घोषणा देणाऱ्या किंवा फोनवर दीर्घकाळ बोलणाऱ्या शिक्षकास ही भरपाई मिळत नाही.

आहार व झोप. रात्रीचे जेवण आणि झोप यांत दोन-तीन तासांचे अंतर ठेवल्यास आम्ल वर येऊन होणारा दाह टळण्यास मदत होते. पुरेशी झोप संपूर्ण शरीरास आवश्यक असते, तशी ती आवाजासही असते. धूम्रपान स्वरयंत्रास थेट अपायकारक असून स्वरयंत्राच्या कर्करोगाचे ते एक प्रमुख कारण आहे.

सवय लागण्याची प्रक्रिया

वरील गोष्टी बहुतेक शिक्षकांना ठाऊक असतात. अडचण येते ती त्या धावपळीत आठवण्याची. मानसशास्त्रानुसार एखादी कृती ठरावीक प्रसंगी पुन्हा पुन्हा केली की तो प्रसंगच तिची आठवण करून देऊ लागतो आणि तिच्यासाठी वेगळा निश्चय करावा लागत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पेटर गोलवित्सर यांनी १९९९ मध्ये 'अमुक घडले की तमुक करायचे' अशा स्वरूपात संकल्प केल्यास तो पार पडण्याची शक्यता वाढते, हे मांडले. लंडनमधील फिलिपा लॅली व सहकारी यांच्या २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नवी सवय अंगवळणी पडण्यास लागणारा मध्यम काळ ६६ दिवस आढळला. मात्र निरनिराळ्या व्यक्तींत तो १८ ते २५४ दिवस इतका वेगळा होता. मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय मोडत नाही, हेही त्यात दिसून आले.

शाळेचा दिवस घंटेवर चालत असल्याने अशा सवयींना तो अनुकूल असतो. प्रत्येक घंटा हा तयार संकेतच असतो. उदाहरणार्थ,

- हजेरीपुस्तक हातात घेतले की दोन घोट पाणी प्यावे.
- परिपाठाला जाण्यापूर्वी तीन मिनिटे हुंकाराचा सराव करावा.
- हातात खडू घेतला की बोलणे थांबवावे. खडू ठेवला की बोलावे.
- खाकरावेसे वाटले की त्याऐवजी एक आवंढा गिळावा.
- वर्गात गलका झाला की आवाज न चढवता हात वर करावा व पाच अंक मोजावेत.
- मधल्या सुट्टीतील पहिली दहा मिनिटे मौन पाळावे.

या सर्व सवयी एकदम लावून घेण्यापेक्षा एका वेळी एक निवडणे श्रेयस्कर असते. जूनमध्ये आरंभ केल्यास दिवाळीच्या सुट्टीपर्यंत एक-दोन सवयी पक्क्या होऊ शकतात.

घरगुती उपाय व गैरसमज

ज्येष्ठमध, खडीसाखर, मध, हळद घातलेले दूध आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या हे उपाय महाराष्ट्रात घरोघरी केले जातात. त्यांनी घशाच्या मागील भागास आराम वाटतो. गुळणीचे पाणी मात्र स्वरतंतूंपर्यंत पोहोचत नाही. पोहोचले तर ठसकाच लागेल. म्हणून आराम वाटला, याचा अर्थ आवाज पुन्हा ताणण्याजोगा झाला, असे समजू नये. वाफ श्वासावाटे आत जात असल्याने ती कोरडेपणावर काही काळ उपयोगी पडते.

आवाज बसला असता कुजबुजणे सुरक्षित असते, हा समज सर्वांच्या बाबतीत खरा नाही. जोर लावून कुजबुजताना अनेकांत गळ्याचे स्नायू अधिकच आवळले जातात. त्यापेक्षा कमी व हळू, पण नैसर्गिक आवाजात बोलावे किंवा मौन पाळावे. चहाने आवाज हमखास बिघडतो, असेही म्हणता येत नाही. माफक चहाने आवाजास इजा होते, हे सिद्ध झालेले नाही. मात्र चहा पाण्याची जागा घेत असेल, तर ती सवय बदलणे इष्ट.

वैयक्तिक सवयींच्या मर्यादा व शाळेची जबाबदारी

आवाजाचा त्रास असलेल्या ४४ शिक्षकांवर अमेरिकेत झालेल्या व २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत त्यांचे तीन गट करण्यात आले. एका गटास अंगावर बाळगण्याचा लहान ध्वनिवर्धक दिला, दुसऱ्यास आवाज जपण्याविषयीच्या सूचना दिल्या आणि तिसऱ्यास काहीच दिले नाही. सहा आठवड्यांनी ध्वनिवर्धक वापरणाऱ्यांच्या त्रासात लक्षणीय घट झाली. केवळ सूचना मिळालेल्या गटात मात्र तशी घट दिसली नाही. सूचना निरुपयोगी असतात, असा याचा अर्थ होत नाही. परंतु कामाची परिस्थिती तीच ठेवून केवळ उपदेशावर भिस्त ठेवणे अपुरे असते, हे यावरून स्पष्ट होते.

पाणी पिण्याची सवय हे याचे ठळक उदाहरण होय. शाळेत वापरण्याजोगे स्वच्छतागृह नसेल किंवा दोन तासांमध्ये तेथे जाण्याइतकी उसंत नसेल, तर शिक्षिका पाणी पिणेच टाळतात. त्याचा परिणाम आवाजावर होतोच, शिवाय मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोकाही वाढतो. २००९ च्या अधिनियमाच्या अनुसूचीत प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली, पिण्याचे सुरक्षित पाणी आणि मुलामुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे यांची तरतूद आहे. विद्यार्थ्यांसाठी केलेल्या या तरतुदी शिक्षकांच्या आरोग्यासही तितक्याच आवश्यक ठरतात.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये शैक्षणिक संस्थांभोवतीचा किमान १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. अशा क्षेत्रासाठी दिवसाची ध्वनिमर्यादा ५० डेसिबल आहे. वेळापत्रक आखताना एकाच शिक्षकाकडे सलग चार-पाच तास न देणे, बदली तासांचे समान वाटप करणे, वर्गात जाड पडदे व कापडी फलक लावून घुमणारा आवाज कमी करणे, पंख्यांची दुरुस्ती करणे आणि मोठ्या वर्गांसाठी ध्वनिवर्धक पुरवणे हे मुख्याध्यापक व शाळा व्यवस्थापन समिती यांच्या आवाक्यातील उपाय होत.

पोलंडसारख्या काही देशांत दीर्घकाळ आवाज ताणल्याने जडणारे विकार व्यवसायजन्य रोग म्हणून मान्य आहेत. भारतातील कारखाने अधिनियम, १९४८ मधील अधिसूचित रोगांच्या यादीत आवाजाचे विकार नव्हते आणि शाळा तर त्या अधिनियमाच्या कक्षेतच येत नव्हत्या. त्यामुळे शिक्षकाचा बसलेला आवाज ही येथे बहुधा त्याची खासगी अडचण मानली जाते आणि उपचारासाठी लागणारी रजा त्याला आपल्या वैद्यकीय किंवा किरकोळ रजेतून घ्यावी लागते.

वैद्यकीय सल्ला

सर्दी-खोकल्याबरोबर बसलेला आवाज सामान्यतः एक-दोन आठवड्यांत सुधारतो. या काळात शक्य तितके कमी बोलावे. घोगरेपणा चार आठवड्यांहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञाकडून स्वरयंत्राची तपासणी करून घ्यावी. श्वास घेण्यास किंवा गिळण्यास त्रास होणे, थुंकीतून रक्त पडणे, मानेत गाठ लागणे, किंवा रुग्ण धूम्रपान करणारा असणे यांपैकी काहीही असल्यास चार आठवडे थांबू नये. ओरडताना किंवा जोरात खोकताना आवाज एकाएकी गेला, तर स्वरतंतूत रक्तस्राव झालेला असू शकतो. अशा वेळी बोलणे पूर्णपणे थांबवून त्वरित तपासणी करावी.

निदानानंतर वाचोपचारतज्ज्ञ श्वास, पट्टी व उच्चारण यांचे व्यायाम शिकवतात. हे व्यायाम नियमित करणाऱ्या शिक्षकांच्या त्रासात केवळ सूचना मिळालेल्यांपेक्षा अधिक सुधारणा झाल्याचे २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आढळले आहे. स्वरतंतूंवरील गाठींसाठी शस्त्रक्रियेचा विचार सहसा या उपचारांनंतरच केला जातो. शस्त्रक्रिया झाली तरी बोलण्याच्या जुन्या सवयी तशाच राहिल्यास गाठी पुन्हा येण्याची शक्यता असते.